दहाव्या रोज्याची निरा

आमच्या सेलूच्या गल्लीत रमजानचा दहावा रोजा आमचा होता. आम्ही लिंगायत, गळ्यात लिंग बांधणारे, त्यामुळे रोजा धरण्याचा प्रश्न नव्हता. पण त्या संध्याकाळी मशिदीच्या मौलवीसाहेबांना रोजा सोडायला जे लागेल ते आमच्या घरून जायचं. तिसरा दिवस सोनारांचा, सातवा कापसाच्या एका अडत्याचा, दहावा आमचा. हे कोणी आणि कधी ठरवलं होतं ते मला ठाऊक नाही. अप्पांनाही ठाऊक नव्हतं. त्यांच्या वडलांच्या वेळेपासून चालत आलं होतं म्हणून चालत होतं, आणि माझ्या माय त्या दिवशी भिजवलेले हरभरे, केळी, पेरू असं ताट भरून फडक्याखाली झाकून पाठवायच्या. मी अकरा वर्षांची झाले त्या वर्षी ते काम माझ्याकडे आलं, कारण मी यादी करते हे तोवर सगळ्या घराला कळून चुकलं होतं.

यादीची सवय मला कुणी लावली नाही. पाटीवर अक्षर काढता यायला लागलं तसं मी घरातल्या वस्तू लिहून ठेवायला लागले. उखळाजवळ काय, फडताळात काय, कुठल्या डब्याचं झाकण बसत नाही. पुढे चौतीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाचा कारभार याच सवयीवर चालवला, आणि आजही स्वयंपाकघराच्या दारामागे माझा कागद टांगलेला असतो. सून हसते. हसू दे. त्या कागदामुळे घरात कधी काही अडलेलं नाही. पण एकदा माझ्याच नीटनेटकेपणाने एका भल्या माणसाच्या मानेवर सुरी ठेवली होती, ते सांगायला मी आज बसले आहे.

आमचं घर म्हणजे पुढं दुकान आणि मागं तीन खोल्या. दुकानात गूळ, पेंड, जवस, मीठ; त्यामुळे आमच्या अंथरुणांनासुद्धा गुळाचा वास असायचा. थंडीच्या दिवसांत गल्लीतून कापसाच्या गाड्या जिनिंगकडे जायच्या आणि त्यातून उडालेला कापूस लिंबाच्या फांद्यांना, कौलांना, म्हशींच्या शिंगांना लागून राहायचा. पहाटे अप्पांच्या लिंगपूजेची घंटी, मग जिनिंगचा भोंगा, मग चौथ्या घरापलीकडच्या मशिदीतली बांग, असा काहीसा क्रम असायचा. उन्हाळ्या-पावसाळ्यात तो बदलायचा आणि कोण पहिलं याची मी मनात नोंद ठेवायची. मायच्या हातची अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी, वर कच्च्या तेलाची धार. सणाला गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर. त्या हुग्गीची एक वाटी मौलवीसाहेबांच्या घरी जायची आणि ईदला तिकडून शेवया यायच्या, त्या आमच्या सोवळ्याला चालाव्यात म्हणून दूध आणि शेवया कोऱ्या, वेगवेगळ्या बांधून. शिजवायच्या आम्ही.

मौलवीसाहेब मशिदीपासून दोन घरं अलीकडे राहत. घर मशिदीचंच, नमाज पढवण्याच्या कामासोबत मिळालेलं. उंच, किडकिडीत, बोलण्यात सावकाश, पण वेळेला इतके पक्के की गल्लीतल्या बायका त्यांची काठी वाजली की चुलीवर आधण ठेवायच्या. त्यांच्या ओट्यावर मी रोज सकाळी उर्दू शिकायला बसायची. निजामाचं राज्य, त्यामुळे शाळेत सगळं उर्दूत, कचेरीतला कागद उर्दूत, आणि अप्पांना कुठलाही कागद आला की दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागायचं. ते म्हणत, "मला न्हाई जमलं, गिरजीला तरी जमावं." त्या काळी पोरीला असं शिकवायला बसवणं हेच लोकांना नवल होतं. मौलवीसाहेबांच्या बायकोला मी खालाबी म्हणायची. त्या दाराआड बसून सूप पाखडायच्या आणि मी चुकले की आतून हसायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं.

आता निरेबद्दल. आदल्या हिवाळ्यात अप्पांना तापातून उठल्यावर फार अशक्तपणा आला होता, तेव्हा वैद्यांनी सांगितलं की एकवीस दिवस पहाटे शिंदीच्या झाडाची ताजी निरा द्या. ती आणायला मीच जायची. ओढ्याच्या काठाला शिंदीची झाडं होती, प्रत्येकावर आबकारी खात्याचा नंबर ठोकलेला, आणि सायन्ना नावाचा, नांदेडकडून आलेला माणूस कमरेला दोर बांधून त्या झाडांवर चढून रस उतरवायचा. पहाटे थंडगार, पाण्यासारखी, गोड, किंचित धुराचा वास असलेली निरा. अप्पा ती देवासमोर बसून प्यायचे. शिंदी ही दारू आहे हे मला ठाऊक होतं, पण ती कलालाच्या दुकानात मिळते आणि तो निरेत काहीतरी घालून ती बनवतो अशी माझी समजूत होती. आमच्या घरात थेंब कधी आला नव्हता. मौलवीसाहेबांच्या घरात तर विषयच नव्हता. आज विचार करते तेव्हा वाटतं, दोन घरांपैकी एक जरी घर पिणाऱ्यांचं असतं तरी पुढचं घडलं नसतं.

त्या वर्षी रमजान थंडीत आला होता. ताटात नेहमीचंच काय द्यायचं, काहीतरी गोड, थंड, पोटाला बरं असं द्यावं, असं माझ्या डोक्यात आलं आणि मी यादीत निरा लिहिली. मायनं विचारलं, चालंल का त्यांना? मी ऐटीत सांगितलं, औषध आहे, अप्पांना वैद्यांनी दिलं होतं. माय हरभरे निवडत होत्या, त्यांनी मान हलवली. मी पहाटेच निघाले. काम संध्याकाळचं असलं तरी सकाळी उरकून ठेवलेलं बरं, हा माझा तेव्हाही नियम होता. सायन्नाच्या मडक्याला आतून चुना फासलेला असायचा. मला ते घाण वाटायचं. मी आपलं मडकं राखेनं घासून, तीनदा धुऊन, लख्ख करून नेलं होतं. त्यात त्यानं निरा ओतून दिली आणि म्हणाला, "बाई, ऊन चढायच्या आत पिऊन टाका. मंग ती बदलती." मी हो म्हटलं. मनात म्हटलं, दूधही उन्हात नासतं. त्याला उन्हापासून जपलं की झालं. घरी येऊन मी मडक्याच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधलं, वर कणकेचा लिंपा दिला की माशी जाऊ नये, आणि रांजणाखालच्या ओल्या वाळूत ते गळ्यापर्यंत पुरून ठेवलं. मग यादीतल्या त्या ओळीवर रेघ मारली.

संध्याकाळी ताट आणि मडकं घेऊन मी गेले तेव्हा सूर्य बुडायला थोडाच वेळ होता. मौलवीसाहेब चटईवर बसले होते, समोर तीन खजूर. बांग झाली. त्यांनी खजूर तोंडात टाकला, खालाबींनी कणकेचा लिंपा फोडला आणि फडकं सोडलं. मडक्यातून फुस्स असा आवाज आला आणि फेस वर चढून काठावरून खाली आला. आम्ही तिघंही बघत राहिलो. खालाबी म्हणाल्या, "देखो तो, कैसी हँस री!" मला तर आनंदच झाला, सकाळी नव्हता एवढा ताजेपणा आता दिसत होता. मौलवीसाहेब एक वाडगा प्याले आणि म्हणाले, आंबट-गोड आहे, लिंबू पिळलंय वाटतं. मी त्यांच्या तोंडाकडे एवढ्या आशेनं बघत होते की त्यांनी दुसराही वाडगा पुढं केला, आणि तो मी काठोकाठ भरला. दिवसभराचं रिकामं पोट. खालाबींना दात दुखत होता, त्यांनी एक घोट घेऊन ठेवून दिलं. मग मौलवीसाहेब उठले, दाराच्या चौकटीला हात लावून क्षणभर थांबले, आणि नमाज पढवायला गेले. मी रिकामं ताट घेऊन घरी आले, आणि माझ्या मते काम झालं होतं.

मशिदीत काय झालं ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. पाटी घेऊन गेले तर ओट्यावर चटई नव्हती. दारासमोरच्या गटारापाशी माती ओली होती आणि त्या ओलीवर मुंग्यांची आणि गांधीलमाश्यांची झुंबड उडाली होती. खालाबींचे डोळे सुजलेले. त्यांनी मला आत घेतलं आणि थोडक्यात सांगितलं. मगरिबच्या, म्हणजे सूर्य बुडाल्यावरच्या, नमाजेला तीन रकाती असतात, म्हणजे उभं राहून, वाकून, माथा टेकवून तीन फेरे. मौलवीसाहेब तिसऱ्यानंतर बसायचं सोडून चौथ्याला उभे राहिले. मागून लोकांनी सुब्हानल्लाह म्हणून खूण केली, तरी ते तसेच पढत राहिले, आणि त्याआधी मोठ्यानं पढतानाही एका ठिकाणी त्यांची जीभ घसरली होती. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. नमाजेनंतर हात मिळवायला पुढं आलेल्या आबकारीच्या जमादारानं त्यांच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला की ही शिंदी आहे. मौलवीसाहेब घरी आले, मडक्यातलं उरलेलं हुंगलं, आणि न बोलता सगळं गटारात ओतून मडकं फोडलं. आज दुपारच्या नमाजेनंतर मुतवल्ली, म्हणजे मशिदीचा कारभार बघणारे, लोकांना बसवणार होते. मौलवीसाहेबांनी काम सोडतो म्हणून आधीच सांगितलं होतं. काम सुटलं की घर सुटणार. खालाबी म्हणाल्या, "बीस साल, बेटी. अब कहाँ जाना?"

मी विचारलं, मडकं कुणाचं ते त्यांनी सांगितलं नाही का? खालाबींनी नाही म्हणून मान हलवली. मुतवल्लींनी रात्री दोनदा विचारलं होतं. मौलवीसाहेबांनी एवढंच उत्तर दिलं होतं, "मेरे घर में थी, मैंने पी."

मौलवीसाहेब आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मला बघितलं आणि जा म्हणाले नाहीत. मी पाटी मांडीवर घेऊन बसले. भीती वाटली की मला प्रश्न सुचतात, म्हणून विचारलं, तुमच्यात दारूला एवढं का मना आहे? मग शिकवायच्या सुरात, सावकाश, त्यांनी सांगायला सुरुवात केली. माझ्या मनात त्यांचा आवाज अजून तसाच आहे, म्हणून त्यांच्या तोंडचं मराठी-उर्दू सरमिसळ मी सरळ करून लिहिते.

अरबस्तानात पूर्वी सगळेच प्यायचे, त्यांनी सांगितलं. खजुराची, द्राक्षांची, मधाची. पैगंबरसाहेबांच्या भोवतीची चांगली चांगली माणसंही प्यायची, कारण मनाई झालेलीच नव्हती. मग लोकांनी विचारलं की या दारूबद्दल काय? तेव्हा अल्लाहकडून पहिलं उत्तर आलं ते मनाईचं नव्हतं. त्यात सांगितलं होतं की हिच्यात लोकांना काही फायदा आहे, पण मोठं पापही आहे, आणि पाप फायद्याहून मोठं आहे. काहींनी तेवढ्यावर सोडली, काहींनी नाही. मी पाटीवर मधे उभी रेघ मारून दोन रकाने केले. मौलवीसाहेबांनी ते बघितलं आणि त्या सकाळी पहिल्यांदाच त्यांचे ओठ हसल्यासारखे हलले. मग ते म्हणाले, पुढं एकदा जेवणावळीनंतर नमाजेची वेळ झाली. एका मोठ्या मानाच्या माणसाला पुढं उभं केलं. तो प्यालेला होता. पढताना त्याची जीभ घसरली, शब्द उलटे झाले, अर्थच फिरला. तेव्हा दुसरा हुकूम आला: नशेत असताना, आपण काय बोलतोय हे कळत नसेल तोवर, नमाजेजवळ येऊ नका. आता दिवसात नमाजा पाच. पहाटेची ते दुपारची एवढाच काय तो लांब पल्ला, नाहीतर रात्रीच्या नमाजेनंतरचा. प्यायची कधी आणि उतरायची कधी? अर्ध्या लोकांची त्या वेळापत्रकानंच सुटली.

आणि तिसरा? मी विचारलं.

तिसरा पुरता मनाईचा. हाकारा देणारा मदिनेच्या गल्ल्यांतून ओरडत गेला. ज्याच्या हातात पेला होता त्यानं तो तोंडापर्यंत नेला नाही. कुणी विचारलं नाही की ऐकलं ते खरं का खोटं. मडकी, बुधले, सगळं दारासमोर ओतलं, आणि गल्ल्या वाहिल्या. हे सांगताना त्यांनी दाराकडे, बाहेरच्या ओल्या मातीकडे बघितलं. म्हणाले, एवढं मी वीस वर्षं लोकांना सांगतोय, गिरजा बेटी. आणि काल दुसऱ्या हुकमात जे लिहिलंय तेच मी मशिदीत उभं राहून केलं.

मी विचारलं की मग आपलं सरकार शिंदीच्या झाडांना नंबर ठोकून कर का घेतं. त्यावर ते म्हणाले, "सबक पढ."

(पुढे वसतिगृहात एक चांगला स्वयंपाकी होता, हातभट्टीच्या नादी लागलेला. कमिटी म्हणाली काढून टाका. मी आधी त्याच्याशी फायदा-तोटा बोलले, मग त्याच्या कामाच्या वेळा अशा बांधल्या की सकाळपासून रात्रीपर्यंत दोन तासांची सलग फट राहू नये, आणि शेवटचं बोलणं दोन महिन्यांनी केलं. तो निवृत्त होईपर्यंत टिकला. ही रीत कुठली, ते मी कमिटीला सांगितलं नाही.)

मी घरी आले आणि मायला सगळं सांगितलं. मायनं अप्पांना दुकानातून आत बोलावलं. अप्पांनी ऐकून घेतलं, दाराला कडी लावली, आणि हळू आवाजात म्हणाले की आता हे चौघांत बोलायचं नाही. हिंदूच्या घरून रमजानात मशिदीत दारू गेली, एवढंच लोक ऐकतील. कशी गेली ते कुणी ऐकायला थांबणार नाही. मौलवीसाहेब शहाणे आहेत म्हणूनच गप्प आहेत. त्यांची काही सोय आपण मागून लावू. अप्पा भित्रे नव्हते. पण ते दुकान चालवणारे होते आणि दोन्हीकडची माणसं त्यांच्या पायरीवर बसायची. त्यांची भीती मला आज पुरती कळते.

माय म्हणाल्या, "आन् आपण न्हाई गेलो तर?"

"तर काय? दोन दिवस बोलतील, गप बसतील."

"त्या माणसानं हिचं नाव घेतलं न्हाई. घर जायलंय त्याचं, तरी घेतलं न्हाई. आपण इथं कडी लावून बसावं?" मायचा आवाज चढला नव्हता. "तुमी येत नसाल तर मी जाते. मशिदीच्या पायरीला उभी ऱ्हाते पदर घेऊन. मंग लोक बोलतील ते बोलतील."

अप्पांनी मायकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग खुंटीवरचा रुमाल काढून डोक्याला बांधायला लागले. त्यांच्याकडून तीनदा बांधूनही तो नीट बसला नाही.

दुपारच्या नमाजेनंतर मशिदीच्या अंगणात पंधरा-वीस माणसं बसली होती. मुतवल्ली म्हणजे कापसाचे एक म्हातारे दलाल, दाढी मेंदीनं लाल. मौलवीसाहेब एका कडेला, मान खाली घालून. आणि पायरीच्या खाली, दोन्ही हात जोडून, सायन्ना. आबकारीच्या जमादारानं त्याला सकाळीच धरून आणलं होतं. आजूबाजूला शिंदी कुणी पुरवली असेल तर हाच, असा त्याचा हिशेब. अप्पा पायरीखाली चपला काढून उभे राहिले आणि एका दमात म्हणाले की मडकं आमच्या घरचं होतं, आम्ही निरा म्हणून पाठवली, आमच्या मनात दुसरा काही हेतू नव्हता, आणि जी शिक्षा असेल ती आम्हाला.

अंगणात कुजबुज झाली. मागून कुणीतरी म्हणालं, निरा म्हणून पाठवली म्हणे. ते "म्हणे" ऐकून अप्पांची मान ताठली. पण जमादार लगेच पुढं झाला. तो म्हणाला यात शेठचा काय दोष, या लबाडानं निरेच्या नावावर शिंदी विकली. आजच याच्या झाडांचे नंबर काढतो आणि याला चौकीत बसवतो. सगळ्यांचे चेहरे एकदम सैल झाले. असा तोडगा सगळ्यांनाच सोपा होता. मौलवीसाहेब सुटत होते, आम्ही सुटत होतो, मशीद सुटत होती. सायन्नाचे हात तसेच जोडलेले होते, पण त्यानं माझ्याकडे बघितलं.

मी अप्पांच्या मागून पुढं आले. आजही विचारलं तर सांगेन की मला धाडस नव्हतं; मला फक्त एखादी गोष्ट चुकीच्या रकान्यात लिहिलेली सहन होत नाही. मी म्हणाले, "त्यांनी सांगितलं होतं. ऊन चढायच्या आत प्या म्हणून. मी ऐकलं नाही." आणि मग पहाटेपासून मी काय काय केलं ते क्रमानं सांगितलं: मडकं घासलं, चुना लावला नाही, फडकं बांधलं, कणीक लिंपली, वाळूत पुरलं, रेघ मारली. यादीला रेघ मारल्याचंही सांगितलं.

कुणीतरी फिसकन हसलं. मुतवल्लींनी जमादाराला विचारलं, असं बंद करून ठेवलं तर निरेची शिंदी व्हायला किती वेळ लागतो? जमादार तज्ज्ञ माणूस, उत्तर तोंडावरच होतं. "चुन्यानं ती आंबत न्हाई. चुना नसला की दुपारपर्यंत काम झालंच समजा. तोंड लिंपलं तर अजून जोरात."

"आणि काल नमाजेला उभ्या सगळ्या जमातीत वास तुम्हालाच कसा कळला, खानसाहेब?"

"माझं कामच हाय ते, चाचा."

तेवढ्यात तिसऱ्या ओळीतला एक म्हातारा पिंजारी खोकला आणि जमिनीकडे बघत म्हणाला की वास त्यालाही आला होता, पण म्हणावं कसं? म्हटलं तर लोक विचारणार, तुला ओळख कुठली? यावर मात्र अंगण खदखदून हसलं, जमादारही हसला. मुतवल्लींनी सायन्नाला हातानं जा म्हणून खूण केली. तो वाकून नमस्कार करून निघाला तो पळतच.

मौलवीसाहेब हसले नव्हते. ते उठले आणि म्हणाले की मुलीचा दोष नाही, शिंदीवाल्याचा नाही, पण काल नमाज माझ्या तोंडून बिघडली ती बिघडलीच. ज्याची जीभ मुसल्यावर, नमाजेच्या चटईवर, घसरली त्यानं पुन्हा पुढं उभं राहू नये. तुम्ही दुसरा माणूस बघा. मुतवल्ली दाढीवरून हात फिरवत बसले. मला दिसत होतं की आणखी थोडा वेळ कुणी बोललं नाही तर हे असंच ठरून जाणार, आणि खालाबींना पेटी भरावी लागणार.

म्हणून मी विचारलं. सकाळपासून ते माझ्या पाटीवर अर्धवट राहिलं होतं. "मौलवीसाहेब, तुम्ही सांगितलं ते मोठ्या मानाचे होते, ज्यांची जीभ घसरली. त्यांना नंतर लोकांनी पुढं उभं राहू दिलं का नाही?"

मौलवीसाहेबांनी माझ्याकडे बघितलं.

उत्तर मुतवल्लींनी दिलं. ते म्हातारे गुडघ्यावर हात टेकून उठले आणि मला नव्हे, त्यांना म्हणाले, "त्यांचं नाव तर आपण आजही अदबीनं घेतो, मौलाना. तुमीच शिकवलंय आमाला." मग जरा थांबून, "काल जे झालं ते न कळत झालं. आता कळून सवरून आमाला सोडून जायलाव का?"

पुढे बऱ्याच वर्षांनी मी या विषयावर मिळेल ते वाचलं. शेवटचा हुकूम आला तेव्हा लोकांनी असंही विचारलं होतं म्हणे, की आमचे जे भाऊ आधीच मेले, ज्यांच्या पोटात ती होती, त्यांचं काय? आणि उत्तर आलं होतं की श्रद्धेनं आणि चांगलं वागून गेले त्यांनी पूर्वी जे खाल्लं-प्यालं त्याचा दोष त्यांच्यावर नाही. मी ते उत्तर वहीत उतरवून ठेवलं. कडक नियमाच्या पोटातच एवढी माया ठेवलेली असते, हे मी वसतिगृहाचे नियम लिहिताना विसरू नये म्हणून.

मौलवीसाहेबांनी शेवटी दोन गोष्टी मागितल्या. एक, कालच्या तीन रकाती सगळ्यांनी पुन्हा पढायच्या. त्याला सगळे हो म्हणाले. दुसरी गोष्ट त्यांनी अप्पांकडे वळून मागितली. म्हणाले, नमाज पुन्हा होणार तर दहाव्या रोज्याची इफ्तारीही पुन्हा झाली पाहिजे. कालची मी धरत नाही. आज तुमच्याच घरून येऊ द्या, आणि मी घरी नाही, इथं अंगणात सगळ्यांबरोबर बसून रोजा सोडीन. त्या दिवशी खरं तर अकरावा रोजा होता, तो दुसऱ्याच घराचा होता. अप्पांनी हो म्हणून मान हलवली.

माय चुलीशी बसल्या. हरभरे, केळी, पेरू. मी काही सुचवायला तोंड उघडलं तर त्यांनी उलथनं दाखवलं. प्यायला काय? "पाणी," माय म्हणाल्या. "आडाचं. आत्ता काढलेलं." मी सूर्य कौलावर टेकल्यावर पाणी शेंदलं, पितळी तांब्या भरला, वर वाटी झाकली आणि अप्पांच्या पुढं चालत मशिदीत गेले.

अंगणात चटया अंथरलेल्या. सगळी दुपारचीच माणसं, आणि बातमी ऐकून आलेली आणखी कितीतरी. मी ताट मौलवीसाहेबांच्या पुढं ठेवलं. मी तांब्यातून पेल्यात पाणी ओतत होते आणि सगळ्यांचं लक्ष त्या पेल्यावर होतं. जमादार तर मान पुढं काढून बघत होता. साधं पाणी होतं. पण काल मी निरासुद्धा साधीच म्हणून दिली होती, आणि पितळेच्या पेल्यात संध्याकाळी पाण्याचा रंग कळत नाही. बांग झाली. मौलवीसाहेबांनी खजूर घेतला नाही. त्यांनी माझ्या हातातून पेला घेतला, आत बघितलं नाही, नाकाजवळ नेला नाही, डोळे मिटून तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्याले.

मग पेला माझ्या हातात परत देऊन ते उठले, आणि ओळी सरळ व्हायच्या आत नमाज पढवायला पुढं जाऊन उभे राहिले.